‘पास आउट’ लिहिताय? या चुका टाळा

नोकरीचे अर्ज आणि परदेशी विद्यापीठांसाठीचे एसओपी (‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजे प्रवेशासाठीचं निवेदन) तपासताना पहिल्याच परिच्छेदात हमखास भेटणारं वाक्य: ‘आय पास्ड आउट इन 2023’. आपल्याकडे ते खपून जातं, कारण जाहिरातींतही ‘2023 पासआउट’ असंच छापतात. पण अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हानं, उपाशीपोटी, दारू जास्त झाल्यानं.

माझी एक विद्यार्थिनी एमएससाठी अमेरिकेत गेली आणि तापासाठी तिथल्या दवाखान्यात पोचली. नर्सनं सहज शिक्षणाचं विचारलं, ही म्हणाली, ‘आय पास्ड आउट लास्ट मे.’ झालं! पडलीस तेव्हा डोक्याला लागलं का, आधी कधी असं झालं होतं का, प्रश्नांवर प्रश्न. घाईतले उच्चार हिला कळेनात, म्हणून दोनदा ‘येस’ म्हणून मोकळी झाली. थेट ईसीजी निघाला. रात्री फोनवर रडत होती, बिलाच्या धास्तीनं. हुशार मुलगी, पण वर्गात हा मुद्दा आला की ‘मॅडम, चालतं हो’ म्हणायची.

‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ म्हणा आणि पुढे कॉलेजचं नाव. ‘फ्रॉम’ गाळू नका. डिप्लोमा असेल तर ‘कम्प्लीटेड माय डिप्लोमा’. रेझ्युमेत तर क्रियापद लागतच नाही, पदवी आणि साल पुरे. माझ्या वर्गात प्रत्येकानं हे वाक्य रोज मोठ्यानं म्हणायचं, कंटाळा आला तरी. जिभेची सवय वाचून मोडत नाही.

मग खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड कशी, असं कुणीतरी विचारतंच. ती बरोबर आहे. सैनिकी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं हा ब्रिटिश इंग्रजीतला रुळलेला अर्थ, ब्रिटनमधल्या पोलीस आणि अग्निशमन दलांतही चालतो. इंजिनिअरिंग कॉलेजला तो लावू नका.

‘पास अवे’ म्हणजे निधन. शोकसंदेशात ‘पास्ड आउट’ लिहिलेलं मी पाहिलंय, कृपा करून पाठवण्याआधी वाचा.

‘द हीट पास्ड मी आउट’ चूक. बेशुद्धीच्या अर्थी याला कर्म लागत नाही. कर्म आलं की अर्थ वाटप करण्याचा: ‘पास आउट द पेपर्स’.

पाचशे फ्रेझल व्हर्बच्या (क्रियापदाला ‘आउट’, ‘अवे’ असे शब्द जोडून बनणाऱ्या जोड्यांच्या) याद्या पाठ करणाऱ्यांची मला काळजी वाटते. एका शब्दाला एक अर्थ चिकटवून पुढे पळतात. दहाच शिका, पण प्रत्येकाची चार वाक्यं स्वतः लिहून.

आणि खरंच चक्कर येऊन पडलात, तर डॉक्टरांशी बोलताना ‘पास्ड आउट’ चालेल, लेखी अर्जात मात्र ‘फेंटेड’ किंवा ‘लॉस्ट कॉन्शसनेस’ लिहा.