आधी टपालपेटीवर नाव लावा

दरवर्षी पावसाळ्यात मी तीन आठवडे ठाण्याला येते. त्या दिवसांत नौपाड्यातल्या आमच्या घरी संध्याकाळी मुलं येऊन बसतात. कुणी समोरच्या वहिनींचा भाचा, कुणी आईच्या भिशीतल्या काकूंची नात, कुणी ऐरोलीहून, तर कुणी थेट खारघरहून ट्रान्स-हार्बरने आलेलं. सगळ्यांना ऑक्टोबरपर्यंत जर्मनीत एमएसला पोचायचं असतं आणि सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एक यादी असते. यंदा चौघं आली होती. कुकर किती लिटरचा, थर्मलचे किती जोड, लोणचं चेक-इनमध्ये टाकायचं की हातातल्या बॅगेत, असा तासभर गेला. मग मी विचारलं, "तिकडचा पत्ता काय?" दोघांकडे उत्तरच नव्हतं. एकजण म्हणाला, "ताई, पहिल्या दोन आठवड्यांचं हॉस्टेल बुक केलंय. पुढचं तिकडे गेल्यावर बघू."

हे "गेल्यावर बघू" मला फार काळजीत टाकतं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

जर्मनीत एखाद्या घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत तिथल्या पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. हा कायदा जर्मन माणसालाही लागू आहे. या नोंदणीला अनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी पासपोर्ट लागतो आणि घरमालकाने सही केलेला एक दाखला लागतो. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. त्या दाखल्याचं नाव व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव पाठ झालं नाही तरी चालेल, पण किल्ली हातात घेताना हा कागदही मागून घ्या. मोठ्या शहरात नोंदणीची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांपलीकडची मिळते. त्याने घाबरून जाऊ नका, पत्ता पक्का झाला त्याच दिवशी ऑनलाइन वेळ घ्या आणि ती घेतल्याची ईमेल जपून ठेवा.

पुढची सगळी कामं या नोंदणीला बांधलेली आहेत. नोंदणी झाली की कर ओळख क्रमांक टपालाने घरी येतो. तो पार्टटाइम नोकरीत पहिल्याच दिवशी मागतात. बऱ्याच बँका नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय खातं उघडत नाहीत, आणि खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले, तुमचेच पैसे तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून राहण्याचा परवाना घ्यावा लागतो, तिथेही हाच कागद पुढे करायचा. पर्यटकांसाठीच्या हॉस्टेलवर किंवा खोलीत बहुतेक वेळा नोंदणी करू देत नाहीत. म्हणजे तिथे काढलेले दोन आठवडे तुम्ही जर्मनीत असता, पण कागदोपत्री कुठेच नसता.

आता टपालाचं. माझ्यावर आलेली वेळ तुमच्यावर येऊ नये असं मनापासून वाटतं.

२०११च्या ऑक्टोबरात मी श्टुटगार्टला गेले. विद्यापीठाजवळ फायहिंगेन भागात एका तीन मजली इमारतीत खोली मिळाली. आपल्याकडे पत्ता म्हणजे बी विंग, ३०४, अमुक सोसायटी. पोस्टमनला नाव लागलं नाही तरी आकडा लागतो. तिकडे फ्लॅटला सहसा नंबरच नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव, एवढ्यावरच पत्र येतं. आडनाव टपालपेटीवर दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. मी रोज पेटी उघडायची आणि ती रिकामी दिसायची. बँकेचं कार्ड एका पाकिटात निघालं, त्याचा पिन दुसऱ्यात, आणि दोन्ही परत गेली. आरोग्य विम्याचं कार्डही गेलं. खात्यात पैसे होते, पण काढता येत नव्हते. फॉरेक्स कार्डावर साठ युरो उरले होते आणि महिना संपायला बारा दिवस होते. त्या दिवसांत मी घरी फोनवर सगळं छान आहे असंच सांगत होते.

तळमजल्यावर एक आजी राहायच्या. जिन्यात मला पेटीत वाकून बघताना त्यांनी दोन-तीनदा पाहिलं असावं. एका सकाळी त्या पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ आणि काळा स्केचपेन घेऊन बाहेर आल्या. माझा पासपोर्ट मागितला, त्यातलं आडनाव एकेक अक्षर बघत पट्टीवर मोठं लिहिलं, आणि पट्टी पेटीवर ठेवून अंगठ्याने डावीकडून उजवीकडे दाबत नेली. तसंच दारावरच्या घंटीपाशी. मला तेव्हा जर्मन जेमतेम येत होतं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. चौथ्या दिवशी पहिलं पाकीट आलं.

म्हणून पहिल्याच संध्याकाळी, सामान उघडायच्याही आधी, पेटीवर आणि घंटीवर आडनाव लावा. ते पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच असू द्या. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी लिहायची पद्धत आहे, आणि मुलं एका अर्जात तिन्ही लिहितात, दुसऱ्यात दोनच. पुढे विमा, बँक आणि विद्यापीठ यांच्या नोंदी जुळत नाहीत आणि महिनाभर ईमेल लिहीत बसावं लागतं. दुसऱ्याच्या नावावरच्या घरात राहत असाल तर पत्त्यात 'केअर ऑफ' लावून त्याचं आडनाव घाला.

आता घर शोधायचं कसं. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज करा. प्रत्येक विद्यापीठ शहरात श्टुडिरेंडनवेर्क नावाची संस्था वसतिगृहं आणि कॅन्टीन चालवते. तिथली खोली सर्वांत स्वस्त पडते आणि प्रतीक्षायादी लांब असते. व्हिसा हातात येऊ दे, मग अर्ज करू, असं करू नका. वसतिगृह नाहीच मिळालं तर तीन-चार जणांच्या सामायिक घरातली एक खोली शोधा, त्याला तिकडे 'वेगे' म्हणतात. कुणी सहा महिने इंटर्नशिपला बाहेरगावी जातं तेव्हा तेवढ्यापुरती खोलीही मिळते, आणि सुरुवातीला तीही उत्तम. फक्त पहिल्याच मेसेजमध्ये विचारा: इथे अनमेल्डुंग करता येईल का? नाही म्हणाले तर खोली कितीही सुंदर असो, पुढे चला.

भाडं दोन प्रकारे सांगतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरून. तुम्ही वार्ममीटेचा आकडा विचारा, विजेचं आणि इंटरनेटचं वेगळं विचारा. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही. आणि कुणी म्हणालं, मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल, तर तो चोर आहे असं समजा. गेल्या वर्षी नेरुळच्या एका मुलीचे वडील असे पैसे भरायला निघाले होते. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सला आपण एजंट, पोलीस पडताळणी, नोंदणी सगळं तपासतो, आणि परदेशातल्या फोटोंवर मात्र पटकन विश्वास ठेवतो. त्या शहरात शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलाला जाऊन खोली बघून यायला सांगा. ओळख नसली तरी मुलं जातात, त्यांनाही कुणीतरी अशी मदत केलेली असते.

पैशांबद्दल थोडक्यात. १ सप्टेंबर २०२४पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि त्यातले महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. पहिला हप्ता यायला वेळ लागतो. तोवर भाडं, डिपॉझिट आणि जेवण यांची सोय वेगळी ठेवा. पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट एकदम द्यावं लागतं हे घरच्यांना निघण्याआधीच सांगा. नोकरीची परवानगी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहे. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपलीकडे जाऊ नका. पत्ता नोंदवल्यावर काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही म्हणून ते फेकू नका. शुल्क माणसामागे नसून घरामागे असतं, तेव्हा सोबत्यांत वाटून घ्या. प्रवासाला डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभर लोकल गाड्या, बस आणि ट्रामला चालणारा महिन्याचा पास, घ्या, जानेवारी २०२६पासून ते महिना ६३ युरो आहे, आणि विद्यार्थ्यांना बऱ्याच ठिकाणी त्याहून स्वस्त पडतं. मात्र लोकलचा पास जसा वंदे भारतला चालत नाही, तसं हे तिकीट आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. फ्रँकफर्ट विमानतळावर उतरून पुढे जायचं असेल तर ते तिकीट वेगळं आणि आधीच काढा.

बॅगेचा प्रश्न आईंच्या जिव्हाळ्याचा, म्हणून त्याला वेळ देते. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, चक्का घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत, त्यांना रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. नारळ चालतो. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात ठेवू नका, तिथे तिच्यावर बंदी आहे. तूरडाळ, तांदूळ, रवा, पोहे तिकडच्या भारतीय दुकानात मिळतात, त्यांनी वजन भरू नका. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं आणि घरची चटणी मात्र न्या, ती चव विकत मिळत नाही. तुपासाठी तिकडचं बिनमिठाचं लोणी आणा आणि मंद आचेवर वीस मिनिटं कढवा, घरभर आपल्या स्वयंपाकघराचा वास येतो. कुकर स्टीलचा आणि इंडक्शनला चालणारा, सपाट बुडाचा घ्या. काही स्वयंपाकघरांत इंडक्शन असतं आणि त्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. आपला तीन पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटात बसत नाही, दोन ॲडाप्टर ठाण्यातूनच न्या.

तिकडच्या इमारतीतलं राहणं शिकावं लागतं आणि ते पहिल्या आठवड्यात शिकलेलं बरं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर शांतता आणि दुकानंही बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारी आणा. मिक्सर रविवारी लावू नका. थंडीत खिडकी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा. कुकरची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांनी भिंतीला बुरशी येते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून कापतात. फोडणीने धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याच्यावर पिशवी बांधू नका, तो जिवासाठी लावलेला आहे. कचरा वेगवेगळा टाका. बाटल्या आणि पेयांचे कॅन जपून ठेवा, एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत केली की २५ सेंट मिळतात.

श्टुटगार्टकडे गेलात तर केअरवोखे म्हणजे काय ते कळेल. आठवडाभर जिना झाडायची-पुसायची पाळी. पाळी आली की तुमच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली दिसते आणि तुमचं काम झालं की ती शेजारच्या दाराला अडकवायची. नवीन मुलांना वाटतं आपल्याला कुणीतरी अपमानाने झाडायला लावलंय. तसं मुळीच नाही, वरच्या मजल्यावरचे डॉक्टरही त्यांच्या आठवड्यात झाडतात. मला तर त्या पाळीने पहिल्यांदा इमारतीतली माणसं भेटवली. जिना पुसताना येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो, आणि जर्मन भाषेचा क्लास जे देत नाही ते तिथे मिळतं.

विद्यापीठात एक गोष्ट आपल्याहून फार वेगळी आहे. विषय घेतला म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नसतं. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी, ठरलेल्या मुदतीत, स्वतः करायची. मुदत गेली की कुणी मागे लागत नाही. नापास झालात तर पुन्हा किती वेळा बसता येईल यालाही मर्यादा असते. ती संपली तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. तुमच्या अभ्यासक्रमाचा नियम पहिल्याच आठवड्यात वाचून काढा. गुणांचा क्रमही उलटा आहे, १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. घरी सांगताना हे समजावून सांगा, नाहीतर १.३ ऐकून बाबा काळजीत पडतात.

तब्येत बिघडली तर थांबू नका. जिवावरचं असेल तर ११२, आणि डॉक्टर बंद असताना विचारायचं असेल तर ११६११७. विमा आहे, तो वापरायलाच घेतलाय. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. त्या दिवसांत मन बसतं, अगदी हसतमुख मुलांचंही. श्टुडिरेंडनवेर्ककडे समुपदेशक असतात, बोललेलं बाहेर जात नाही. रोज दुपारी उजेडात अर्धा तास चाला. शहरात मराठी मंडळ असेल तर गणपतीला जा, एका आरतीतही खूप बरं वाटतं. आणि माझ्यासारखं, पैसे संपत आलेत तरी सगळं छान आहे असं घरी सांगू नका. ज्या दिवशी आईला खरं सांगितलं, त्या दिवशी रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

फोनचंही आधीच ठरवून ठेवा. तुम्ही पोचाल तेव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असाल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि अंतर साडेचार तासांचं होतं. क्लास संपवून तुम्ही संध्याकाळी सहाला फोन लावाल तेव्हा ठाण्यात साडेदहा झालेले असतील. आई जागी असेल, पण तिला पहाटे डबे करायचे असतात. शनिवार-रविवारी तिकडच्या सकाळी फोन करा, तेव्हा आपल्याकडे दुपारची जेवणं आटोपत आलेली असतात आणि सगळेच घरात असतात.