वळताना येणारी ती कळ
सातवा महिना लागला आणि कुशीवर वळताना जांघेत, पुढच्या हाडाच्या सांध्याशी अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी यायचं. आई म्हणे, "चालत राहा, मोकळं होईल." पण अमळनेरच्या आमच्या घराचा जिना दोनदा चढला की रात्र जागून निघायची. जळगावच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं: कंबरेखालच्या हाडांचे सांधे दोन्ही बाजूंना समान हलत नाहीत, म्हणून दुखतं, बाळाला त्रास नाही. हे ऐकूनच अर्धा जीव भांड्यात पडला.

सलवार पलंगावर बसून घालू लागले, एका पायावर उभं राहणं बंद. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. वळताना, उठताना गुडघे जुळलेले. चालताना कंबरेखाली आधाराचा पट्टा. खाली मांडी घालून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापणं सोडलं, तेच सगळ्यात जड गेलं. तीन आठवड्यांत झोप परत आली. जिना अजूनही दिवसातून एकदाच, एकेक पायरी.