कपड्यांची निर्यात: कापडाला कात्री लागण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

पहिली परदेशी ऑर्डर हातात आली की सोलापुरातला टॉवेल कारखानदार असो किंवा मुंबईतला गारमेंटवाला, त्याचं सगळं लक्ष न्हावा शेवा बंदराकडे लागतं. कस्टम्समध्ये काय अडेल, कंटेनर मिळेल का, जहाज वेळेवर सुटेल का? या काळज्या खऱ्या आहेत, पण त्यासाठी सीएचए (कस्टम्सचं काम करणारा एजंट) असतो, फॉरवर्डर (वाहतुकीची सोय करणारा) असतो. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा आधी न विचारलेल्या प्रश्नांमुळे. कापड कापलं, टॉवेल विणून झाला, की त्या प्रश्नांची उत्तरं बायर देतो आणि ती आपल्याला परवडणारी नसतात.

१ जानेवारी २००५ ला कापड व्यापारातला कोटा संपला. तोवर कोणत्या देशाने किती माल पाठवायचा हे कोट्यावर ठरत होतं. आता दार उघडं आहे, पण दारात तपासणी आहे: धाग्याची, रंगाची, कागदांची, कारखान्याचीही. लहान कारखानदाराने ही तपासणी आधी समजून घेतली तर तो मोठ्यांच्या बरोबरीने उभा राहू शकतो, असं मला मनापासून वाटतं.

वजन लिहिलं, पण ते कसं मोजायचं ते लिहिलं नाही

टॉवेलच्या धंद्यात यावर पुष्कळ वाद होतात. समजा ऑर्डरमध्ये लिहिलंय: ७० बाय १४० सेंटिमीटर, ५०० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), शंभर टक्के सुती. क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर, म्हणजे एका टॉवेलचं वजन ४९० ग्रॅम. हिशोब सोपा वाटतो. पण हे वजन धुण्याआधीचं की धुतल्यानंतरचं? टॉवेलच्या बॉर्डरला लूप नसतात, तिथे कापड हलकं असतं. मग जीएसएम पूर्ण टॉवेलचा धरायचा की मधल्या लूपवाल्या भागाचा तुकडा कापून? दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्हींचे आकडे वेगळे येतात.

त्यात हवेचाही प्रश्न आहे. सूत हवेतली ओल शोषतं. व्यापारात सुताच्या कोरड्या वजनावर ८.५ टक्के ओल गृहीत धरली जाते आणि प्रयोगशाळा नमुना २० अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मगच तोलते. ऑगस्टच्या दमट हवेत तुमच्या काट्यावर ४९० ग्रॅम भरलेला टॉवेल तिथे कमी भरतो. सोलापूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उलट होतं, कमी वजन दिसतं म्हणून जास्त सूत घातलं जातं आणि तोटा आपला.

म्हणून ऑर्डर घेतानाच लिहून घ्या: तयार नगाचं वजन किती ग्रॅम, अधिक-उणे किती टक्के चालेल, धुण्याआधी की नंतर, प्रमाणित हवेत की साध्या. माल तयार झाल्यावर वजन कमी निघालं, तर पॅक करून नशिबावर सोडू नका. आधी प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. फरक खरा असेल तर तो आकड्यासह बायरला कळवा आणि सवलत ठरवा. माल इथे असताना ठरलेली सवलत आणि तो तिकडे पोचल्यावर मागितलेली सवलत यांत मोठं अंतर असतं.

शिवलेल्या कपड्यात हाच प्रश्न मापांचा येतो. छाती काखेपासून मोजायची की काखेच्या खाली एक इंच, हे टेक पॅकमध्ये (कपड्याच्या तपशीलपत्रात) चित्रासह हवं. पीपी सॅम्पलला (उत्पादनाआधीच्या नमुन्याला) लेखी मंजुरी येईपर्यंत कटिंग मास्तरच्या टेबलावर ताका पसरू नका. तारीख जवळ आली म्हणून अंदाजाने कापलेला माल पुन्हा जोडता येत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. लॅब डिप (रंगवलेला छोटा नमुना) कोणत्या प्रकाशात पाहणार ते विचारा. डी६५ म्हणजे दिवसाच्या उजेडात जुळणारा निळा रंग टीएल८४ च्या दुकानी ट्यूबलाइटखाली वेगळा दिसू शकतो. रंगणीचे लॉट वेगळे आले असतील तर ताके शेडनुसार लावा, एका शेडचा माल एकाच कार्टनमध्ये भरा आणि एकाच शर्टाची बाही आणि पाठ दोन लॉटमधून कापली जाणार नाही याची खात्री करा.

भाव दिला, पण शुल्क कुणाचं ते पाहिलं नाही

निटिंगचे म्हणजे होजियरी कपडे टॅरिफच्या (शुल्क-यादीच्या) ६१ व्या प्रकरणात जातात, मागावर विणलेल्या कापडाचे म्हणजे वोव्हन कपडे ६२ व्या, टॉवेल-चादरी ६३ व्या. मिश्र कापडाचं वर्गीकरण ज्या तंतूचं वजन जास्त त्यावरून होतं. अमेरिकेत सुती टी-शर्टवर मूळ आयात शुल्क १६.५ टक्के आहे आणि कृत्रिम तंतूच्या टी-शर्टवर ३२ टक्के. आता समजा तुम्ही ५२ टक्के सूत, ४८ टक्के पॉलिस्टर असं कबूल केलं आणि गिरणीकडून आलेल्या कापडात प्रमाण उलटं निघालं. हाताला काही फरक कळणार नाही, पण शुल्क जवळजवळ दुप्पट होईल. काठावरचं मिश्रण असेल तर कापड आल्या आल्या तंतूंची चाचणी करा. लेबलवर छापलेलं प्रमाण, इनव्हॉइसवरचं आणि चाचणीतलं, तिन्ही एक हवीत.

याहून मोठा धोका डीडीपी अटीत आहे. 'माल माझ्या गोदामात पोचवा, सगळं धरून भाव द्या' असं बायर गोड बोलून सांगतो, आणि तिकडचं आयात शुल्क तुमच्या गळ्यात येतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून आणखी २५ टक्के जादा शुल्क लावलं. ज्यांनी आधी डीडीपी भाव देऊन ठेवले असतील, त्यांचा नफाच नव्हे, भांडवलही त्यात जाऊ शकतं. नव्या निर्यातदाराने डीडीपीच्या वाटेला जाऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. एफओबी (माल जहाजावर चढवून देणं) किंवा एफसीए (ठरल्या ठिकाणी वाहतूकदाराकडे सोपवणं) घ्या आणि अट पूर्ण लिहा: ठिकाणाचं नाव आणि 'इन्कोटर्म्स २०२०' या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं नाव यांसह. कंटेनर न्हावा शेवाजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर गोदामात) सोपवून आपण मोकळे होणार असू तर एफसीए जास्त योग्य. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपलीच राहते.

बांगलादेशच्या भावाशी डोळे झाकून स्पर्धा करणं ही आणखी एक चूक. तिथले कपडे युरोपात शुल्कमुक्त जातात आणि २०११ पासून कापड बाहेरून आणून फक्त शिवलं तरी ती सवलत मिळते. ते गणित आपलं नाही. आपल्याला सवलत आहे तिथे ती नीट वापरावी. संयुक्त अरब अमिरातीशी करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून. पण सवलत आपोआप मिळत नाही. मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं आणि कापड परदेशातून आणलं असेल तर करारातला नियम आधी वाचावा लागतो.

बँकेचं पतपत्र आहे म्हणून निर्धास्त राहणं

एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेचं पतपत्र) आली की पैसे आलेच, असं मानणारे पुष्कळ आहेत. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. जगभरच्या बँका एलसीसाठी यूसीपी ६०० हे नियम पाळतात. त्यानुसार इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलंच पाहिजे. एलसीत 'टेरी टॉवेल' असेल आणि तुमच्या अकाउंटंटने सवयीने 'बाथ टॉवेल' टाइप केलं, तर बँक डिस्क्रेपन्सी (कागदातली विसंगती) काढू शकते. मग पैसे द्यायचे की नाही हे बायरच्या मर्जीवर जातं. बाजार पडलेला असेल तर ती मर्जी कुठे झुकते हे सांगायला नको.

एलसी हातात आली की त्याच दिवशी बसून वाचा. माल पाठवायची शेवटची तारीख पाळणं शक्य आहे का? कागद सादर करायला किती दिवस दिलेत? वेगळी मुदत लिहिली नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवस, तेही एलसी संपण्याच्या आत. अर्धवट माल पाठवायला परवानगी आहे का? आणि एक कलम शोधून काढा: 'बायरच्या प्रतिनिधीने सही केलेलं तपासणी प्रमाणपत्र जोडावे.' हे कलम दिसलं की थांबा. त्याने सही केली नाही तर माल कितीही चांगला असो, तुमचे कागद अपुरे. त्याऐवजी त्रयस्थ तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मागून घ्या. एलसीतली ही दुरुस्ती, माल विणायला घेण्याआधीच मागायची असते. तेव्हा बायरला आपली गरज असते.

घाईत माल विमानाने पाठवताना एक गोष्ट विसरली जाते. समुद्री मालाच्या पावतीसारखा, म्हणजे बिल ऑफ लॅडिंगसारखा, विमानी पावतीला म्हणजे एअरवे बिलाला मालकीचा हक्क नसतो. त्यावर ज्याचं नाव, त्याला माल मिळतो. पैसे आले नसताना तिथे बायरचं नाव घातलं, तर बँकेत पडलेल्या कागदांना अर्थ उरत नाही. बायरच्या बँकेची आधी संमती घेऊन माल तिच्या नावे पाठवता येतो. उधारीवर माल देणार असाल तर ईसीजीसी या सरकारी निर्यात-पत विमा कंपनीचं संरक्षण घ्या. आणि 'आमचं बँक खातं बदललंय' असा ईमेल कोणत्याही बाजूने आला, तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा.

लेबलवर जे लिहाल ते सिद्ध करावं लागतं

युरोपात काही अझो रंगांवर (एका प्रकारच्या कृत्रिम रंगांवर) बंदी आहे. त्यांतून सुटणाऱ्या अमाइन्स या घातक रसायनांची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या) तोंडी शब्दावर न राहता लॉटनिहाय अहवाल मागा. मुलांच्या कपड्यांत जास्त काळजी हवी. हूडला किंवा गळ्याला नाडी लावलेला लहान मुलांचा कपडा अमेरिकेत आणि युरोपात परत मागवला जातो, कारण नाडी अडकून मुलं गुदमरलेली आहेत. डिझाइन बायरचं असलं तरी हा प्रश्न आपण विचारायचा.

२०१६ मध्ये 'इजिप्शियन कॉटन' म्हणून विकलेल्या भारतीय चादरींत ते सूत नसल्याचं निघालं आणि एका बड्या अमेरिकी दुकानसाखळीने पुरवठादाराशी व्यवहार तोडला. सेंद्रिय सूत म्हणायचं असेल तर प्रत्येक टप्प्याचं व्यवहार प्रमाणपत्र जपा. गिरणीचं साधं सर्टिफिकेट तेवढ्याला पुरत नाही.

न सांगता बाहेर शिवून घेणं

काम वाढलं की शेजारच्या शेडमध्ये जॉबवर्क देणं आपल्याकडे नेहमीचंच. निर्यातीत ते लेखी परवानगीशिवाय करू नका. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, ११०० हून जास्त कामगार गेले. ढिगाऱ्यात ज्यांची लेबलं सापडली, त्यांतल्या काही कंपन्यांना आपला माल तिथे शिवला जातोय हेच ठाऊक नव्हतं. त्यानंतर बायर कारखान्याचा पत्ता का विचारतो, हे कळायला हवं. तो प्रश्न आपल्या कामगारांच्या जिवाचाही आहे. भेगा पडलेल्या इमारतीत, कुलूप लावलेल्या जिन्याच्या आत शिवलेला माल पाठवूच नये.

तपासणी आणि त्यानंतर

३००० नगांच्या लॉटमधून बायरचा तपासनीस तपासणीच्या सर्वसाधारण पातळीला १२५ नग काढतो. मोठ्या दोषांसाठी २.५ एक्यूएल (चालणाऱ्या दोषांची मर्यादा) ठरलं असेल तर सात सदोष नगांपर्यंत पास, आठवा निघाला की लॉट नापास. हीच तपासणी आपण दोन दिवस आधी स्वतः करावी. नापास झालं तर निवडक कार्टन बदलून तपासनीसाला पुन्हा बोलावू नका, सगळा माल उघडून दोष वेगळा काढा. पावसाळ्यात ओलसर कार्टन आणि पूर्ण न वाळलेले टॉवेल कंटेनरमध्ये गेले की वाटेत बुरशी धरते. २०२३ अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. प्रवास लांबला की हा धोका वाढतो.

प्रत्येक लॉटचा एक सीलबंद नमुना, कापडाचा तुकडा आणि चाचणी अहवाल जपून ठेवा. तक्रार आली तर आधी कार्टन नंबर, लॉट नंबर आणि फोटो मागा, मग नमुन्याशी ताडून पाहा. चूक आपली निघाली तर रक्कम लेखी ठरवा आणि इनव्हॉइसमधली घट आपल्या बँकेमार्फत नोंदवून घ्या. नाहीतर कमी आलेली रक्कम तुमच्या नावावर थकीत दिसत राहते.