टियागो ईव्ही की ऑक्टाव्हिया आरएस? तुलना करायची तर अशी

आमच्या मेव्हण्याला दोन्ही गाड्या आवडतात, म्हणून ही उठाठेव. टाटाची इलेक्ट्रिक टियागो ईव्ही मोठ्या बॅटरीची (२४ किलोवॅट-तास) आणि स्कोडाची पेट्रोलवरची सेकंड-हँड ऑक्टाव्हिया आरएस २४५ धरू.

ब्रोशरमधले आकडे आधी सरळ करून घ्या. टियागोचे ५.७ सेकंद ताशी ० ते ६० किमी वेग गाठायचे आहेत, आरएसचे ६.६ सेकंद ० ते १०० चे. शेजारी शेजारी ठेवले की फसगत ठरलेली. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, ११४ विरुद्ध ३७० न्यूटन-मीटर. पण सिग्नल सुटल्यावर टियागो पाय ठेवताच उचलते, पहिल्या काही मीटरांत तिला कमी लेखू नका. ऐंशीच्या पुढे मात्र आरएस म्हणजे आरएसच.

खर्च काढताना विजेचा दर बिलातल्या वरच्या स्लॅबचा धरा, कारण गाडीचे युनिट तिथेच जाऊन बसतात. शिवाय चार्जिंगमधली गळती म्हणून दहा-पंधरा टक्के वाढवा. दहा रुपये युनिट आणि एका चार्जला दोनशे किलोमीटर धरले, तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आत. आरएस शहरात लिटरला दहा देते असं धरलं तर दहा रुपयांच्या वर.

टायर वाकून बघा. टियागोला १७५/६५ आर१४, आरएसला २२५/४० आर१८. आरएसची पातळ साइडवॉल (रिमभोवतीची टायरची बाजू) आणि पुण्यातले पावसाळी खड्डे, रिमचं काय होणार ते सांगायला नको.

टेस्ट ड्राइव्ह कात्रज घाटात घ्या, घरची चार माणसं बसवून. मागच्या सीटचा निकाल सासूबाई देतील.