आधी चिमणी, मग सुतार

स्वयंपाकघर नव्याने करताना ट्रॉल्यांची मापं देण्याआधी फ्रिज, हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी), चिमणी, ओव्हन ठरवून टाका. आमच्याकडे उलटं झालं: कपाटं ६० सेंटिमीटरच्या चिमणीच्या हिशेबाने बनली आणि घरात आली ९०ची. सुतार नुसता हसला. (चिमणी शेगडीपेक्षा अरुंद नको, एवढं धरून चाला.) ओव्हन, डिशवॉशरसाठी १६ अँपिअरचे पॉइंट टाइल्स बसायच्या आधीच काढून घ्या.

सिंकखालच्या कपाटाला मात्र हात आखडता घेऊ नका. पाइप गळतो तो तिथेच, आणि साधा प्लाय पाण्याने पापडासारखा फुगतो. तिथे बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा (बॉइलिंग वॉटर प्रूफ) प्लायच हवा. कापायच्या आधी फळीवरचा 'आयएस ७१०'चा (अशा प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का स्वतः बघा. वरच्या कोरड्या कपाटांना बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला त्याहून थोडा कमी दाद देणारा (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) प्लाय पुरतो.