शिक्षा रद्द झाली म्हणजे नेमकं काय झालं? स्टेटस टाकायच्या आधी एवढं बघा

११ मे २०१५. दुपारी जेवायला घरी आले तर सासूबाई टीव्हीसमोर, कन्नड न्यूज चालू, आणि मला बघितल्या बघितल्या म्हणतात, "काय खुलासा केली गे ती जयललिता? मगापास्नं खुलासे खुलासे म्हणालेत, काय सांगितली ते कायच सांगेनात." मला हसू आवरेना. कन्नडमधे खुलासे म्हणजे कोर्टातून सुटका, आपला मराठी खुलासा वेगळा. त्या दिवशी कर्नाटक हायकोर्टानं तमिळनाडूच्या जयललितांना बेहिशेबी मालमत्तेच्या केसमधून सोडलेलं. पण नंतर वाटलं की सासूबाई निदान विचारल्या तरी, फॅमिली ग्रुपवर तोवर चाळीस मेसेज पडले होते आणि विचारणारं कोणी नव्हतं, निम्मे म्हणत होते सत्य जिंकलं, निम्मे म्हणत होते पैसा जिंकला.

माझं बेळगावात कोर्टाजवळ झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. वकील नाही मी, पण इतकी वर्षं निकालांच्या प्रती काढतेय, वकील लोक काउंटरवर उभं राहून बोलतात ते कानावर पडतंच. तर कुणी मोठा माणूस, हिरो, क्रिकेटर, पुढारी, खालच्या कोर्टात दोषी ठरला आणि वरच्या कोर्टात सुटला अशी बातमी आली की काय करायचं, कसं वाचायचं, ग्रुपवर काय लिहायचं आणि काय नाही, ते माझ्या पद्धतीनं सांगते.

पहिलं काम शब्द बघायचं. आपल्याकडं हे जास्तच करावं लागतं कारण सकाळी मराठी पेपर, दिवसभर कन्नड चॅनेल, आणि मूळ निकाल इंग्लिशमधे, म्हणजे एकच बातमी तीन भाषांतून फिरून आपल्या मोबाईलवर येते. कन्नडमधे आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, अपराधी म्हणजे कोर्टानं दोषी ठरवलेला. आपण मराठीत अपराधी कुणालाही म्हणतो, उशिरा आलेल्या नवऱ्याला पण. जामीनु म्हणजे जामीनच. मेल्मनवी म्हणजे अपील. आणि मराठी पेपरवाले "निर्दोष मुक्तता" हा एकच शिक्का सगळ्यावर मारतात, संशयाचा फायदा मिळाला तरी तेच, पुरावाच नव्हता तरी तेच. इंग्लिश निकालात शेवटच्या दोन पानात ऑर्डर असते, तेवढी बघा. तिथं सस्पेंडेड असेल तर शिक्षेला फक्त स्थगिती, दोष तसाच आहे. सेट असाइड म्हणजे खालचा निकाल रद्द, त्याच्याबरोबर अक्विटेड असेल तर सुटला. सेट असाइड आहे पण रिमांडेड म्हटलंय तर प्रकरण परत खाली गेलं, बहुतेक वेळा नव्यानं चालणार.

जामिनाचा घोळ तर सगळ्यात मोठा. १३ डिसेंबर २०२४ ला कर्नाटक हायकोर्टानं कन्नड हिरो दर्शनला रेणुकास्वामी खून प्रकरणात जामीन दिला, तेव्हा खटल्याचा निकाल तर लांबच. पण आमच्या नात्यातल्या एका पोरानं (फॅन आहे, गाडीच्या मागं फोटो लावलाय) स्टेटस टाकला, निर्दोष म्हणून, वर आगीचे इमोजी. १४ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं तो जामीनच रद्द केला. त्या पोराचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते.

आता मुख्य गोष्ट. सुटला हे कळलं की ताबडतोब विचारायचं, कशावर सुटला? याच्यावर सगळं आहे. दुकानात एक वयस्कर वकील यायचे, ते म्हणायचे, ताई, कोर्टाला दारं बरीच असतात, माणूस बाहेर आला म्हणून नुसत्या टाळ्या वाजवू नका, कुठल्या दारानं आला ते बघा.

एक दार पुराव्याचं. सलमानचं बघा. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री वांद्र्यात गाडी फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर गेली, एक मेला, चार जखमी. ६ मे २०१५ ला सेशन्स कोर्टानं पाच वर्षं दिली, १० डिसेंबर २०१५ ला मुंबई हायकोर्टानं सोडलं. त्यादिवशी सगळीकडं एकच जोक, मग गाडी आपोआप चालली काय. मी पण फॉरवर्ड केलेला, खोटं कशाला बोलू. पण हायकोर्टाला गाडी कोण चालवत होतं हे शोधून काढायचं नव्हतंच, सरकारी पक्षानं संशयाला जागा न ठेवता सिद्ध केलं की नाही एवढंच बघायचं होतं. मुख्य साक्षीदार म्हणजे त्याच्याबरोबर असलेला पोलीस बॉडीगार्ड, तो २००७ मधेच वारला, आणि त्याच्या आधीच्या जबाबावर पूर्ण विसंबता येत नाही असं हायकोर्ट म्हणालं. म्हणजे "त्यानं केलं नाही" असं नाही, "केलं हे तुम्ही सिद्ध केलं नाही" असं. हा फरक ग्रुपवर एकदा नीट लिहिला तर निम्मी भांडणं तिथंच थांबतात. उरलेली निम्मी थांबत नाहीत, ती मुळात सलमानवरून नसतातच, दिवाळीच्या आधीची कायतरी असतात.

दुसरं दार प्रक्रियेचं, आणि लोकांचं डोकं खरं इथं फिरतं. अमेरिकेतला टीव्हीवरचा विनोदी नट बिल कॉस्बी. पन्नासहून जास्त बायकांनी आरोप केलेले. २०१८ मधे पेनसिल्व्हेनियात लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी, तीन ते दहा वर्षं शिक्षा. ३० जून २०२१ ला तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सगळं रद्द करून त्याच दिवशी सोडला. का? तर २००५ मधे तिथल्या सरकारी वकिलानं जाहीर केलेलं की याच्यावर फौजदारी खटला घालणार नाही. मग दिवाणी दाव्यात त्याला गप्प बसायची सोय राहिली नाही, शपथेवर बोलावं लागलं, आणि पुढं दुसऱ्या सरकारी वकिलानं तेच बोललेलं त्याच्याच विरुद्ध वापरलं. कोर्ट म्हणालं, सरकारनं शब्द दिला, माणसानं त्यावर विसंबून तोंड उघडलं, आता शब्द फिरवता येत नाही. तो निर्दोष आहे असं कोर्ट म्हणालंच नाही. आणि दिवाणी दावे चालूच राहिले, २०२२ मधे कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं दुसऱ्या एका बाईच्या दाव्यात त्याला ५ लाख डॉलर द्यायला लावले.

आता यावर राग येणं साहजिक आहे. मला पण आला. पण राग कुणावर काढायचा ते ठरवायला कारण वाचावं लागतं. इथं चूक जजची नव्हती, सरकारी वकिलाच्या हापिसात होती. आपल्याकडं सगळा राग सरळ जजवर जातो आणि ज्यांनी केस कच्ची ठेवली ते आरामात चहा पीत बसतात.

याच प्रकरणात अजून एक शिकण्यासारखं झालं. कॉस्बीच्या मालिकेत त्याची बायको झालेली फिलिशिया रशाद, तिनं निकाल आल्या आल्या आनंदाचं ट्वीट केलं. ती तेव्हा हॉवर्ड युनिव्हर्सिटीत डीन म्हणून नुकतीच नेमलेली. इतका गदारोळ झाला की नंतर तिथल्या विद्यार्थ्यांची आणि पालकांची माफी मागावी लागली. ट्वीट लिहायला लागला असेल अर्धा मिनिट. म्हणून माझा नियम, बातमी आली की एक चहा होईपर्यंत काही टाइप करायचं नाही, आणि चहा म्हणजे कुकरची शिट्टी होईपर्यंतचा, गाड्यावरचा कटिंग नव्हे.

जसी स्मोलेट या अमेरिकन नटाचं पण असंच. स्वतःवर हल्ला झाल्याची खोटी तक्रार दिली म्हणून २०२१ मधे दोषी, आणि नोव्हेंबर २०२४ मधे इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, कारण आधीच्या सरकारी वकिलांबरोबर तडजोड होऊन केस मिटलेली, तीच परत उकरून काढली. तो खरं बोलला की खोटं, यावर ते अपील सुटलंच नाही.

तिसरं दार म्हणजे सुटलाच नाही, फक्त पुन्हा खेळ. हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन, बायकांवरच्या अत्याचाराबद्दलची त्याची न्यूयॉर्कमधली २३ वर्षांची शिक्षा एप्रिल २०२४ मधे चार विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली, कारण ज्यांच्या तक्रारीवर खटलाच नव्हता अशा बायकांच्या साक्षी ज्युरीला ऐकवल्या होत्या. लोकांनी इकडं सुटला सुटला लावलं. तो कुठं सुटला, लॉस एंजेलिसची १६ वर्षांची शिक्षा डोक्यावर होतीच. आणि २०२५ च्या फेरखटल्यात एका आरोपात परत दोषी ठरला. म्हणून नेहमी विचारा, दुसरी केस आहे का, दुसरं कलम आहे का. आपल्या संजय दत्तचं बघा की, टाडातून (दहशतवादाच्या कायद्यातून) सुटला आणि आर्म्स ॲक्टमधे (बेकायदा हत्याराच्या कलमात) अडकला, तेव्हा एक पेपर सुटका लिहीत होता, दुसरा दोषी, आणि दोन्ही खरे.

यानंतर बघायचं अपील संपलं का. आपल्या भागातलं फौजदारी अपील सेशन्सनंतर धारवाड बेंचला जातं, २००८ पासून, त्याच्या आधी बेंगळूरला पळावं लागायचं. त्याच्यावर सुप्रीम कोर्ट. सीमाप्रश्नाच्या २००४ च्या दाव्याची तारीख आजपण बघत बसलेल्या आपल्या लोकांना कोर्टात "शेवटचं" हा शब्द किती जपून वापरावा हे मी काय सांगू. तरीपण सिनेमातल्या माणसाचं आलं की लगेच फायनल.

सासूबाईंच्या त्या खुलासेचंच घ्या. सप्टेंबर २०१४ मधे बेंगळूरच्या स्पेशल कोर्टानं जयललितांना चार वर्षं आणि १०० कोटी दंड दिलेला. हायकोर्टानं हिशेब केला की उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता ८.१२ टक्केच आहे, दहा टक्क्यांच्या आत चालतं, म्हणून सोडलं. तिकडं तमिळनाडूत फटाके, मिठाई. आणि लगेच कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलं. निकालातला कर्जांचा तक्ता, बेरीज लिहिलेली २४ कोटी १७ लाखांच्या वर, आणि खरी बेरीज यायची १० कोटी ६७ लाख. साडेतेरा कोटींची चूक, निकालातच! माझ्या दुकानात बिलात पाच रुपये चुकले तर गिऱ्हाईक परत येतं. १४ फेब्रुवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टानं ती सुटका रद्द केली, त्याच केसमधल्या सहआरोपी शशिकला आणि बाकी दोघं आत गेले, जयललिता त्याआधीच डिसेंबर २०१६ मधे वारलेल्या. म्हणजे २०१५ मधे सत्य जिंकलं म्हणणाऱ्यांना दोन वर्षं पण मिळाली नाहीत. क्रिकेटर सिद्धूचं तर त्याहून भारी, १९८८ ची मारामारी, १९९९ मधे सुटला, २००६ मधे हायकोर्टात दोषी, २०१८ मधे सुप्रीम कोर्टात हजार रुपये दंडावर मोकळा, आणि २०२२ मधे फेरविचारात एक वर्ष आत.

आता लिहायचं काय. निकालावर टीका करता येते, घाबरू नका. १९७१ च्या कोर्ट अवमान कायद्यातच आहे की अंतिम निकाल लागलेल्या केसवर योग्य टीका म्हणजे अवमान नाही. पण "जजनं पैसे खाल्ले" हे टीका नाही, पुराव्याशिवाय आरोप आहे, आणि अवमानाला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आमच्या ग्रुपवर मामंजी हेच लिहितात दरवेळी, मी त्यांना खाजगीत फोन करते, ग्रुपवर सांगितलं तर त्यांचा मान जातो आणि ते अजून चार लिहितात. त्याऐवजी हे लिहा, की हा निकाल मला पटला नाही, अमुक साक्ष बाजूला ठेवायला नको होती. वाचणाऱ्यालापण बोलायला काहीतरी मिळतं.

तक्रार करणाऱ्या बाईबद्दल जास्तच सांभाळा. आरोपी सुटला म्हणून ती खोटारडी ठरत नाही, कोर्टानं तसं वेगळं म्हटल्याशिवाय. आणि बलात्काराच्या केसमधे तिचं नाव, फोटो, गाव, ओळख पटेल असं काहीही टाकलं तर भारतीय न्याय संहितेच्या ७२ कलमात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आरोपी सुटला तरी. फॉरवर्ड केलं, मी कुठं लिहिलं, हे चालत नाही. सलमानच्या वेळी फुटपाथवर झोपणाऱ्यांनाच शिव्या घालणारे होते, ते आठवा. मेलेल्या माणसाच्या घरातल्यांच्या हातात पण मोबाईल असतो.

समोरचा फॅन असेल तर वाद घालू नका, एकच विचारा, "कोर्टानं नेमकं काय म्हटलंय गा?" बहुतेक वेळा तिथंच गाडी थांबते. आणि सिनेमा बघायचा की नाही हे कोर्टावर ढकलू नका, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः एका हिरोचे बघायचे सोडले, कोर्टात सुटला तरी, आणि नवऱ्याला त्याच हिरोची गाणी लागतात, संसार चाललाय.

चुकीचं टाकून झालं असेल तर डिलीट फॉर एव्हरीवनच्या मागं लागू नका, कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेलाच असतो. त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजला रिप्लाय करून लिहा की मी जामीन आणि सुटका एकच समजलो होतो. आमच्या त्या फॅन पोरानं ऑगस्टमधे गपचूप फोटो काढून टाकला, गाडीवरचा नाही, प्रोफाइलचा. सासूबाईंनी मात्र डिसेंबरचा स्टेटस मला काढून ठेवायला लावलेला, आणि गणपतीला तो आल्यावर सगळ्यांच्या समोर विचारल्या, "काय रे, जामीनु होता की खुलासे?" तो म्हणाला, "मला कन्नड कळतंय की आजी." आणि मोदक घेऊन माडीवर गेला.