दात तासण्याआधी कच्ची शिलाई

नागपूरच्या महाल भागात माझं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. बावीस वर्षं मी दातांनी दोरा तोडला आणि ओठांत टाचण्या धरल्या. सेहेचाळिसाव्या वर्षी डावं गालफड, कानशील आणि कानाच्या पुढची जागा दुखायला लागली. लग्नसराईत संध्याकाळपर्यंत जबडा लाकडासारखा व्हायचा. एका दवाखान्यात सांगितलं, "तुमचा बाइट, म्हणजे वरच्या-खालच्या दातांचा मेळ, बरोबर नाही, दात जरा तासून जुळवून देतो." तीन खेपांत सहा दात तासले. दुखणं होतं तिथेच राहिलं. वरून थंड पाण्याची कळ सुरू झाली, आणि दात नेमके कुठे टेकतात ते जीभ दिवसभर शोधत बसायची. दातावरचं इनॅमल नखासारखं परत वाढत नाही. म्हणून ज्यांचा चेहरा महिनोन्महिने दुखतो आणि ज्यांना कोणी दात तासायचा सल्ला दिला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी दुखणं कशाचं ते बघा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड हळू उघडा-मिटा. तिथे दुखलं तर जबड्याच्या सांध्याचा संबंध असू शकतो. नुसतं कट्‌कट् वाजतं पण दुखत नाही, तर सहसा उपचार लागत नाही. मग दाढा दाबून धरा. गालात जो स्नायू टणक फुगतो तो बोटाने दाबा. आपलं नेहमीचंच दुखणं तिथे जागं झालं तर स्नायू थकलेला आहे. माझा तोच होता.

पण ब्रश लावला, तोंड धुतलं, चेहऱ्याला वारा लागला की वीज चमकावी तशी कळ येते आणि काही सेकंदांत जाते, असं असेल तर तो नसेचा आजार असू शकतो. त्यात दात तासून किंवा उपटून काही होत नाही, आणि लोक चांगले दात गमावून बसतात. मेंदू-नसांच्या डॉक्टरकडे जा. त्यासाठी कार्बामॅझेपिनसारखी वेगळीच औषधं असतात.

आणखी एक तपासणी नागपूरकरांनी करायलाच हवी. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. तुम्ही खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात असाल, तिखट झोंबत असेल, गाल आतून ताठ, पांढुरके झाले असतील आणि बोटं जात नसतील, तर ते बाइटचं दुखणं समजून वेळ घालवू नका. खर्रा त्याच दिवशी बंद करून दाखवून या. त्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, तर हृदय तपासा. पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखू लागलं, चावताना जबडा भरून येतो, डोळ्यांपुढे अंधुक होतं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सूज-ताप किंवा चेहऱ्याला बधिरपणा असेल तरी घरी थांबू नका.

यातलं काही नसेल तर दोन आठवडे लिहून काढा. मी मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायची: किती वाजता दुखलं, तेव्हा काय करत होते. आठव्या दिवशी माझं मलाच दिसलं, हातशिलाई करताना मी दातावर दात दाबून बसते. मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे." 'न' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती अलगद ठेवायची, जबडा आपोआप सैल होतो. मी शिलाई मशीनवर एक लाल टिकली चिकटवली. टिकली दिसली की दात सोडायचे. ऐकायला फार साधं वाटतं, पण मला सगळ्यात जास्त गुण याचाच आला. दोरा अर्थातच आता कात्रीने तोडते.

सोबत गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पंधरा-वीस मिनिटं गालाला, दिवसातून दोनदा. काही आठवडे मऊ खा: वरणभात, खिचडी, कुस्करलेली पोळी. रोडगे, ऊस, च्युइंगगम आणि सावजी मटणाची हाडं बाजूला ठेवा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच. रोज आपल्या मनाने घेतलेली पोटाला आणि किडनीला महागात पडते.

रात्री झोपेत दात खात असाल तर स्प्लिंटचं विचारा. दातांचं माप घेऊन टणक ॲक्रिलिकचं पारदर्शक कवच करतात. ही मी कच्ची शिलाई समजते. ब्लाउज पक्कं शिवण्याआधी आम्ही कच्चे टाके घालून बघतो; नाही बसलं तर उसवता येतं. स्प्लिंट नको वाटलं तर काढून ठेवता येतं, दात जसेच्या तसे राहतात. ते एका जबड्याचे सगळे दात झाकणारं असावं. फक्त पुढच्या दातांवरचं फार दिवस घातलं तर मागचे दात सरकू शकतात. उकळत्या पाण्यात धुऊ नका, आकार बिघडतो.

मग दात तासणं कधीच बरोबर नाही का? आहे, एका ठिकाणी नक्की. नवी कॅप किंवा फिलिंग बसवल्यावर दोन-चार दिवसांत त्या बाजूला दुखायला लागलं, आणि तोंड मिटताना तोच दात आधी लागतो असं वाटलं, तर परत जा. बधिर केलेल्या तोंडाला उंची कळत नाही, म्हणून हे मागाहून लक्षात येतं. डॉक्टर निळा कागद चावायला देतात, ठसा जिथे गडद येतो तिथे नव्या कामाचा उंचवटा जरासा घासतात. काही मिनिटांचं काम आहे.

जुन्या दुखण्यासाठी चांगले, नैसर्गिक दात तासायचे म्हटलं तर मात्र थांबा. स्नायू आखडले किंवा सांधा सुजला की जबडा किंचित सरकून मिटतो आणि बाइटच चुकल्यासारखा वाटतो. त्या सरकलेल्या जबड्यावर दात जुळवले आणि महिन्याभरात सूज उतरली, तर दात पुन्हा बेमेळ. म्हणून विचारा: कोणता दात, किती, आणि आत्ताच का? आधी स्प्लिंट वापरून बघू का? सगळ्या तोंडाला कॅप लावायचा सल्ला असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका, आणि तासण्याआधी दातांचा साचा करून मागा.

माझं दुखणं उतरायला जवळजवळ चार महिने लागले. अजूनही मे महिन्यात ऑर्डरी साचल्या की डावं गालफड कुरकुरतं. तेव्हा टिकलीकडे बघते, टॉवेल घेते, आणि स्प्लिंट त्या रात्री चुकवत नाही.